चष्म्याच्या डब्यातली चिठ्ठी

परसराम डोंगरवार सरांबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं सणकतं. गेल्या आठवड्यात बाजारात एका बाईने सुरुवात केलीच, "तेच ना ते मास्तर, ज्यांनी स्वतःच्या पोराचा कान..." तिच्या पिशवीतली वांगी तिच्याच अंगावर भिरकावायची तेवढी मी बाकी ठेवली. अर्धी गोष्ट सांगत फिरणाऱ्यांचा मला भारी राग येतो. सांगायची तर पुरी सांगा, नाहीतर गप राहा ना बापा! आता ती बाई काही पुरी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

मी नीतू रहांगडाले, गोंदियाची. घरी पोवारी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि भांडताना तिन्ही. चौदा वर्षांपासून अर्जुनी मोरगाव तालुक्यात सिस्टर लोकांच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या मागे आमच्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर, समोर रस्त्यापलीकडे धानाच्या बांद्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. चारशे पोरं शिकतात, त्यात ख्रिस्ती घरची पाचसुद्धा नसतील. गोंदियाला माहेरी गेले की काकू हळूच विचारतात, "तिथं देव बदलायला लावतात का ग?" मी म्हणते, काकू, देव कोणी बदलत नाही, पण माझा स्वभाव बदलायला त्या सिस्टर चौदा वर्षांपासून लागल्या आहेत. अजून त्यांना यश आलेलं नाही.

या सिस्टरांच्या संघाची एक मूळ आई होती. दोनशे वर्षं झाली असतील तिला, कुठल्याशा थंडीच्या मुलखातली बाई. ती म्हणे सांगायची की मूल ओळखीचं झाल्याशिवाय त्याला शिकवायला बसू नका, आणि ओळख करायची तर जे मागे बसलं आहे त्याच्यापासून करा. शिकवताना हात उगारायचा नाही, हे तर दारातच सांगतात. ऐकायला सगळं गोड आहे. पण तिने एक रीत अशी घालून दिली आहे की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भडकलेच होते.

जूनमध्ये शाळा उघडून आठवडा झाला की आम्ही सगळे हॉलमध्ये बसतो. सगळे म्हणजे शिक्षक, आया, बसचा ड्रायव्हर दुधराम आणि मोठी सिस्टरसुद्धा. प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी. त्यावर आपल्याला सगळ्यात कमी आवडणाऱ्या मुलाचं नाव लिहायचं. खरंखरं लिहायचं आणि कोणाला दाखवायचं नाही. घडी करून ती वर्षभर स्वतःजवळ बाळगायची. मग ते मूल वर्षभर तुमचं. रोज त्याला नावाने हाक मारून एक तरी गोष्ट बोलायची, आणि ती अभ्यासाची नको. वर्षातून एकदा त्याच्या घरी जाऊन, त्यांच्या चुलीवर जे शिजलं असेल ते जेवायचं. मार्चमध्ये ती चिठ्ठी प्रार्थनेच्या खोलीतल्या मेणबत्तीवर जाळून टाकायची.

मी म्हटलं, "सिस्टर, हे काय? मला पोर आवडत नाही हे माझ्याच हाताने लिहून घेता?"

आमच्या मोठ्या सिस्टर अमला, छत्तीसगडातल्या जशपूरकडच्या. मराठी मोडकी, हिंदी पक्की. त्या हसल्या. "मैडम, मन में तो लिखा ही है. कागज पर लिखोगे तो शरम आएगी. शरम आएगी तो उसके पास जाकर बैठोगे."

आता कबूल करते. पहिली तीन वर्षं मी चक्क हुशार, गुणी पोरींची नावं लिहिली आणि मजेत काढली. परसराम सरांनी मात्र एकदाही लबाडी केली नसेल, हे मी कशावरही हात ठेवून सांगते.

ते या शाळेत माझ्या चार वर्षं आधी आले. त्याआधी दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि तिथे त्यांचं नाव काढलं की पोरं खाली मान घालून वह्या उघडायची. बेशरमच्या झाडाची छडी हातात, आणि छडी नसली तर हात. त्यांचा एकुलता एक पोरगा गजेंद्र दहावीला त्यांच्याच वर्गात होता. एके दिवशी फळ्यासमोर त्याला गणित आलं नाही. सरांनी चाळीस पोरांसमोर त्याच्या कानाखाली अशी वाजवली की कानातून रक्त आलं. त्या कानाने त्याला आजही नीट ऐकू येत नाही. परीक्षा झाली तसा गजेंद्र रायपूरला मावशीकडे गेला तो गेलाच. तिथंच शिकला, तिथंच नोकरीला लागला. आईला दर रविवारी फोन करतो. बापाने फोन उचलला तर कापतो.

बाजारातली बाई इथपर्यंतच सांगते. पुढचं मला सरांच्या बायकोने, शांतीबाईंनी सांगितलं. त्या शाळेने सरांना काढलं नव्हतं बरं का! उलट लोक म्हणत होते, मास्तर आहे, बाप आहे, मारला तर काय झालं. सरांनी स्वतः सोडली. आणि सायकल काढून इकडे सिस्टरांकडे आले. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरने विचारलं, आमच्याकडे का यायचं आहे? सर म्हणाले, "इथं हात उचलू देत नाही असं आयकलं. म्हणून मले इथं ठेवा."

ठेवलं. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकापासून सुरुवात करायची गोष्ट निघाली तेव्हा सर एवढंच बोलले, "हे आमच्या आज्यालेबी ठाव होतं. पाणी टोकाच्या बांदीले आधी द्या लागते." सर कोहळी समाजाचे. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलावांच्या पाळी म्हणजे काठाचे बांध घातले, पाणी वाटलं. तलावाजवळच्याने आधी पोटभर घेतलं तर टोकाच्या बांदीला चिखलही पोचत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पोरांच्या बाबतीत मात्र शिकायला त्यांना उशीर झाला, आणि तो किती महागात पडला ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. सोळा वर्षं मी म्हणा, कोणीही म्हणा, त्यांना या शाळेत आवाज चढवताना पाहिलं नाही. वर्गात पोर फळ्यापाशी आलं की ते उजवा हात टेबलावर ठेवून बसायचे. मला ती सवय वाटायची.

आता चेतना. चेतना पुस्तोडे, सातवी, माझ्याच वर्गाची. पाच किलोमीटरवरच्या चिचटोल्याहून बसने यायची. तिच्यासारखं हसरं पोर मी पाहिलं नाही. दुधराम ड्रायव्हर म्हणायचा, ही पोरगी बसमध्ये चढली की हॉर्न वाजवायची गरज नाही. एखादी शिक्षिका म्हणू दे की मला चेतना आवडत नाही, मी तिला डॉक्टरकडे पाठवीन.

दोन वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. धानाची मळणी संपली होती, पोरं शाळेत परतली होती. सरांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. मंगळवारी सातवीच्या तासाला सरांच्या लक्षात आलं की चष्मा स्टाफरूममध्ये राहिला. समोर चेतना होती. म्हणाले, "जाय बेटा, टेबलावर माझा चष्म्याचा डबा आहे, घेऊन ये."

ती गेली. डब्यात चष्मा आहे की नाही ते पाहायला तिने डबा उघडला. मी असते तर मीही उघडला असता. चष्म्याखाली घडी केलेली चिठ्ठी होती. चेतना पुस्तोडे, इयत्ता सातवी.

आणि आमच्या पोरांना त्या चिठ्ठीचं सगळं ठाऊक असतं! आम्ही हॉलची दारं लावून बसतो, आणि पोरं बाहेर तिला 'नावडतीची चिठ्ठी' म्हणतात. जेवायचं, बोलायचं, ते काही त्यांना माहीत नाही. नाव लिहिलं म्हणजे नावडतं, एवढंच माहीत. चेतनाने डबा आणून टेबलावर ठेवला, चिठ्ठी वर ठेवली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. सरांनी चिठ्ठी पाहिली. शिकवता शिकवता त्यांचा खडू तिथंच थांबला, असं पोरं सांगतात.

बुधवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही. दुधरामने निरोप आणला, "पोरगी म्हणते, त्या शाळेत पाय नाही ठेवत. तिचा मामा देवरीचा आहे, तो पुढच्या गुरुवारी येऊन तिले घेऊन जाणार. तिकडच्याच शाळेत टाकून राहिले."

मला कळलं तशी मी स्टाफरूममध्ये तोफ डागली. "सर, तुम्हाला अख्ख्या शाळेत हीच सापडली? माझ्या वर्गात खोड्या करणारे अठरा आहेत. एकाचं लिहायचं होतं! आणि लिहिलं तर लिहिलं, पोरीला डबा आणायला पाठवता?" मी बरंच बोलले. आज आठवलं की जीभ चावते. सर ऐकून घेत होते, मान खाली. शेवटी म्हणाले, "एक पोरगं मी घालवलं, नीतूबाई. ही दुसरी."

सिस्टर अमला दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या सांगतील की सर, माफी मागा, समजूत काढा, शाळेचं नाव जाईल. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी अभी जली नहीं है, सर. बच्ची अभी आपकी ही है. हाजिरी से नाम मैं नहीं काटूँगी."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर सर स्कूटर घेऊन चिचटोल्याला गेले. चेतना आत जाऊन बसली, बाहेर आलीच नाही. सर अंगणात खाटेवर बसून राहिले आणि सूर्य बुडताना परत आले. शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. रविवारी तर सुट्टी, तरी गेले. तिचा बाप भुपेंद्र बिचारा लाजून अर्धा झाला. "सर, तुमी कायले येता? लहान लेकरू आहे, दोन दिवसांत भुलून जाईन." सर म्हणायचे, "मी नाही भुलत ना." आणि पिशवीतून वह्या काढून तिथंच तपासत बसायचे. तिची आई शामकला रोज जेवायचा आग्रह करायची. सर पाणी घ्यायचे, जेवायचे नाहीत. म्हणायचे, "पोरगी म्हणन तवा जेवीन."

गावाला काय, तमाशा मिळाला. पारावरची माणसं म्हणायची, मास्तर पोरीले शिकवते का पोरगी मास्तरले? तेव्हा माझाच जीव जळत होता, सरांना काय वाटलं असेल. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन महिन्यांनी रिटायर होणार. गप्प घरी बसला असता तर कोण काय म्हणणार होतं? पण ते जात राहिले.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर गेले. वर्गशिक्षिका होते आणि दुसऱ्या दिवशी मामा येणार होता. माझी स्कूटी त्यांच्या स्कूटरच्या मागे. वाटेत मी ठरवलं होतं की काय बोलायचं. की चिठ्ठी चुकून लिहिली, ती दुसऱ्या चेतनाची होती, काहीही. पोरगी परत आणायची तर थोडं खोटं बोलायला माझी हरकत नाही. मी साधी बाई आहे, सिस्टर नाही.

अंगणात शेणाचा सडा टाकलेला. दारात चेतनाचं कापडी दप्तर आणि एक कपड्यांची पिशवी तयार करून ठेवलेली. सर नेहमीच्या खाटेवर बसले. आम्ही बसून पाच मिनिटं झाली असतील, तोच दाराचा पडदा हलला. चेतना उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आठ दिवसांत पोर वाळली होती.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"मी काय केलं?"

"काही नाही केलं, बेटा."

"मंग काऊन लिवलं?"

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न पाहताच हाताने थांबवलं. मग ते बोलले, आणि त्यांना एका वेळी इतकं बोलताना मी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तू हासते म्हणून. गणित अडलं का तू हासते. दुसरे रडते, कोणी खाली पाहते, तू हासते. माझा गजेंद्र असाच हासे. मले वाटे तो मलेच हासून राहिला. सगळ्यांसमोर मले हासून राहिला. म्हणून मी त्याले मारलं, त्याचा कान गेला. मंग त्याची माय मले म्हणे, अहो, तो भेला का हासते, लहानपणापासून तसाच आहे. चौदा-पंधरा वर्षं मी बाप होतो त्याचा, मले हे ठाव नव्हतं." शामकला दारामागे उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. "जूनमधी पहिल्याच दिवशी तुले फळ्यावर बोलावलं, तू हासली. माझा हात उठून राहिला होता, बेटा. मी तो टेबलावर दाबून धरला. घरी जाऊन जेवलो नाही मी. तू नाही आवडत असं नाही, मले माझा हात नाही आवडत. पण चिठ्ठीवर पोराचंच नाव लिहा लागते. म्हणून तुझं लिवलं."

भुपेंद्र खाटेचा पाया धरून उकिडवा बसला होता, तो जमिनीकडे पाहत राहिला. मला वाटलं, झालं. बारा वर्षांच्या पोरीला कोणी असं सांगतं का? की मला तुला मारावंसं वाटतं? आता ही आत पळेल आणि दार लावेल.

चेतना तिथंच उभी. ती काहीतरी आठवत होती, डोळे बारीक करून, गणित करताना करते तसे.

"सर, मी तं रोजच हासली. जूनपासून."

"हो."

"तुमी एकदाबी नाही मारलं."

सरांनी मान वर केली.

"एकदाबी नाही," ती पुन्हा म्हणाली, आता जरा रागानेच, जणू त्यांनी उत्तर चुकीचं लिहिलं होतं. "दिवाळीच्या आधी तं मी त्या टक्केवारीत चार दिवस हासली. तरी नाही मारलं. मंग तुमी मारत नाही ना. कायले भेता?"

परसराम सर रडले हो. त्यांनी चष्मा काढला आणि अंगणात सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. सोळा वर्षं त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना चांगले म्हणायचो, शांत म्हणायचो. पण रोज त्यांनी काय आवरलं ते मोजायला कोणाला ठाऊकच नव्हतं. ज्या पोरीसाठी आवरलं तिनेच मोजून सांगितलं. मीही रडले, कशाला लपवू. शामकलाने मला आणि सरांना एकाच तांब्यातून पाणी दिलं.

चेतना जवळ आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. पायाने माती उकरत होती. मग हळू म्हणाली, "मलेबी भेवच लागते, सर. म्हणूनच हासू येते."

"माहीत आहे," सर म्हणाले. "आता माहीत आहे."

मग तिने अट घातली. पोरगीही कोहळी घरचीच आहे, पाळ बांधल्याशिवाय पाणी सोडणार नाही. "येईन मी शाळेत. पण मीबी एक चिठ्ठी लिहीन. तुमच्या नावाची."

भुपेंद्र ओरडला, "ए चेतना! सरांना असं बोलतात?"

सरांनी खिशातला पेन काढून तिला दिला. मी माझ्या डायरीचं पान फाडलं. तिने ते मांडीवर ठेवून लिहिलं, परसराम डोंगरवार सर, घडी केली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवली. मग मला विचारलं, "मॅडम, यात काय काय करा लागते?" मी सगळं सांगितलं. रोज एक गोष्ट बोलायची, एकदा घरी जाऊन जेवायचं. ती म्हणाली, "मंग येत्या रविवारी येते, सर. काकूले सांगून ठेवा. मले वांगे नाही आवडत."

सर हसले, डोळे ओले होते तसेच. शामकला लगेच आत गेली. त्या दिवशी सर त्या घरी जेवले. भात, लाखोरीची डाळ आणि भाजलेली हिरवी मिरची. मीही बसले. पहिल्या घासाला चेतनाने तिसऱ्यांदा विचारलं, मीठ बरोबर आहे का? मीठ जरा जास्त होतं. आम्ही दोघांनी बरोबर आहे म्हटलं.

गुरुवारी देवरीचा मामा मोटरसायकलने आला, चहा प्यायला, आणि रिकाम्या मागच्या सीटने परत गेला. चेतना तोपर्यंत बसमध्ये बसली होती. दुधरामने फाटकात हॉर्न दोनदा जास्त वाजवला, त्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही.

तिसरा तास सातवीचा गणिताचा. माझा तास रिकामा होता. म्हणून मी व्हरांड्यात प्रयोगाच्या बाटल्या पुसत उभी राहिले. म्हणजे बाटल्या सकाळीच पुसून झाल्या होत्या.

सरांनी फळ्यावर गणित दिलं. पुस्तकातले नळ आणि टाक्या ते नेहमीच बाजूला ठेवायचे आणि आपल्याकडचं द्यायचे. सहा बाया एक बांदी चार दिवसांत रोवतात, तर आठ बाया किती दिवसांत रोवतील? "चेतना," ते म्हणाले, "ये."

ती उठली. खडू घेतला. सहा आणि चार लिहिलं, आठ लिहिलं आणि अडली. सगळा वर्ग तिच्याकडे पाहू लागला. तोपर्यंत चिचटोल्याच्या पोरांनी सगळी कथा बसमध्येच सांगून टाकली होती, म्हणजे चाळीस पोरांना ठाऊक होतं. माझ्या हातातली बाटली हातातच राहिली.

आणि चेतना हसली. आधी ओठ दाबून, मग न दाबता, खुदकन. घाबरलेलं हसू होतं ते. बारा वर्षं मी तिच्यासारख्या पोरांना शिकवत होते म्हणायचं आणि मलाही ते तोवर ओळखता आलं नव्हतं.

सर टेबलामागून उठले. हात टेबलावरून काढला आणि खाली मोकळा सोडला. फळ्याजवळ गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले, वर्गाकडे पाठ करून, तिच्यासारखंच फळ्याकडे तोंड करून.

"भेव लागला?"

"हो."

"मलेबी," सर म्हणाले, चाळीस पोरांना ऐकू जाईल असं. "चाल, दोघं मिळून करू."